मंगळवारची विठा, शुक्रवारची विठा

"सिद्दी बाई, अकरा पोरं कुठं गेली?"

मुख्याध्यापक भोगण सर कॉम्प्युटरच्या खोलीच्या दारात उभे होते आणि त्यांचा चष्मा कपाळावर चढला होता. चष्मा कपाळावर म्हणजे सर घाबरलेत, हे शाळेतल्या मांजरालाही ठाऊक होतं. मी बाहेर पाहिलं. मधली सुट्टी होती, पोरं हुंदडत होती. कुणी हरवल्यासारखं दिसत नव्हतं.

"कुठली अकरा, सर?"

"तेच तर तुम्हाला विचारायलोय. आपला पट अडुसष्ट. तुम्ही वर पाठवलेल्या यादीत सत्तावन्न. आत्ता तालुक्यावरून फोन आला. साठाच्या आत पट म्हणजे शाळा बंद. पोरं हेरवाडीला जोडणार."

"हेरवाडी तर चौदा किलोमीटर."

"आणि मधे जंगल," सर म्हणाले, आणि मटकन स्टुलावर बसले.

मी यादी उघडली. सत्तावन्न. खाली ओढली, वर ओढली, तरी सत्तावन्नच. मग मला आठवलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

सरांनीच सांगितलं होतं, "काही नावं चुकून दोनदा पडलीत, तेवढी साफ करून घ्या." मी नाव, आडनाव, जन्मतारीख असे तीन रकाने निवडले आणि दुबार नावं काढायचं बटण दाबलं. एका टिचकीत तेरा ओळी गेल्या. इतकं झटपट काम झालं म्हणून मी स्वतःवर खूश होऊन चहासुद्धा प्यायले होते.

"ती दोनदा पडलेली नावं नव्हती?" मी विचारलं.

"दोन होती. बाकीची अकरा धनगरवाड्यावरची पोरं आहेत, बाई! आजा मेला की प्रत्येक भाऊ आपल्या पहिल्या पोराला आजाचं नाव ठेवतो. आजी गेली की पोरींना आजीचं. तीन तीन भागोजी झोरे आहेत आपल्याकडं."

"पण जन्मतारीखसुद्धा तीच?"

सरांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मीच काल जन्माला आलेय. "जंगलातल्या पोराला जन्मतारीख कुठली? शाळेत नाव घालताना एक जून टाकतात. तुमची काय आहे?"

"एक जून," मी म्हणाले.

हे बारा वर्षांपूर्वीचं. मी तेव्हा तीस वर्षांची होते आणि किरवळ्याच्या त्या माध्यमिक शाळेत येऊन मला आठ महिने झाले होते. किरवळे चंदगडच्या जंगलपट्ट्यात आहे. मी तिथली नव्हे. आम्ही सिद्दी, कर्नाटकातल्या हल्याळकडच्या रानातले. आमच्या पूर्वजांना कधीकाळी आफ्रिकेतून जहाजात घालून इकडं आणलं, ते धन्यांकडून पळाले, रानात शिरले आणि तिथलेच झाले. रंग काळाकुळकुळीत, केस कुरळे, शिक्षण मराठी शाळेत. पहिल्याच दिवशी एका पोरानं विचारलं होतं, "बाई, तुमी वेस्ट इंडीजच्या काय?" मी म्हटलं, "नाही रे, हल्याळची." त्याचा चेहरा इतका पडला की मलाच वाईट वाटलं.

गाव वाईट नव्हतं. पण लोक माझ्याकडं आधी बघत आणि मग ऐकत, आणि बघण्यातच त्यांचा बराच वेळ जाई. म्हणून पालकसभेत मी मागच्या भिंतीला टेकून बसायची, लॅपटॉप मांडीवर घेऊन. चार कॉम्प्युटर चालू ठेवायचे, सरांची पत्रं टाइप करायची आणि तोंड बंद ठेवायचं, एवढंच माझं काम, असं मी स्वतःला पटवून दिलं होतं.

"आता दुरुस्त होईल ना?" मी विचारलं.

"यादी बंद झाली. सोमवारी तालुक्याचे साहेब पडताळणीला येतायत. आपलं जुनं रजिस्टर त्यांना नकोय. म्हणाले, रजिस्टर कुणीही लिहितं, डोकी दाखवा. ज्या नावाला ज्याचं डोकं." सरांनी चष्मा खाली घेतला. "हे बघा, आपण सर्व्हरवर ढकलू. नेट गेलं, सर्व्हर बिघडला, नावं उडाली. तुम्ही फक्त गप्प बसा. तुम्हाला जमतं ते."

शेवटचं वाक्य ते चांगल्या मनानं बोलले. मला मात्र ते झोंबलं.

शनिवारी सकाळची शाळा सुटली आणि मी यादी घेऊन धनगरवाड्यावर निघाले. कशाला निघाले ते मला धड कळत नव्हतं. माफी मागायला म्हणावं तर सरांनी गप्प बसायला सांगितलेलं. गप्प बसायचं म्हणावं तर पाय चालत सुटलेले. तासभर चढ चढून गेले तेव्हा झोऱ्यांच्या घरासमोर सगुणाबाई ताक घुसळत बसली होती. वाड्यावर तिचा शब्द चालायचा. बाप्ये बोलून झाले की शेवटी सगळे तिच्याकडं बघत.

"या बाई. आज वाट चुकलीसा व्हय?" असं म्हणून तिनं हातात ताकाचा तांब्याच दिला.

मी सांगून टाकलं. अकरा नावं, बटण, सत्तावन्न, सोमवार, सगळं. बोलता बोलता आजूबाजूची घरं गोळा झाली. पोरं झाडावरून उतरली.

सगुणाबाईनं रवी थांबवली. "म्हंजी शाळा बंद?"

"होऊ शकते."

"आनि न्हाई झाली तरी ही अकरा बाहीर?"

"यादीत नाहीत, म्हणजे... हो."

"आमच्या घरात दोन विठा हायती. एक माजी, एक जावंची. ऱ्हायली कंची नि गेली कंची?"

मी यादी पाहिली. विठा झोरे, एक जून. एकच ओळ. यंत्रानं पहिली ठेवली आणि दुसरी काढली. पहिली कोण, हे त्या ओळीत कुठंच लिहिलेलं नव्हतं.

"कळत नाही," मी म्हणाले.

"कळत न्हाई? अवो, तुमीच शिकवतासा की दोगींना! ए विठे, हिकडं या गं दोगी."

दोन मुली पुढं आल्या. दोघींच्या अंगावर शाळेचा फ्रॉक, दोघींच्या कपाळाला कुंकू, दोघींच्या वेण्या लाल फितीनं वर बांधलेल्या. दोघींना मी पहिल्यांदाच शेजारी शेजारी बघत होते. एक सडपातळ, हनुवटीवर गोंदलेला ठिपका. दुसरी रुंद चेहऱ्याची, एक दात पुढं आलेला. आंधळ्यानंसुद्धा हात फिरवून ओळखल्या असत्या.

आणि मी आठ महिने त्या दोघींना एकच विठा समजत होते.

चार कॉम्प्युटरवर नववीची अठरा पोरं मावत नाहीत, म्हणून मी दोन गट केले होते, एक मंगळवारी आणि एक शुक्रवारी. विठा तेवढी दोन्ही गटांत येऊन बसते असं मला वाटायचं, पण मंगळवारी शिकवलेलं तिला शुक्रवारी आठवायचं नाही. मी वैतागायची. "अगं, मंगळवारीच नाही का फाइल साठवायला शिकवली?" ती खाली मान घालून उभी राहायची. मी वहीत तिच्या नावापुढं लिहिलंसुद्धा होतं, 'विसराळू'. मंगळवारी शिकवलेलं या शुक्रवारच्या विठाला कधी कुणी शिकवलेलंच नव्हतं.

मला ताकाचा तांब्या कुठं ठेवावा सुचेना.

"माजी विठा दोन म्हैन्यांनी थोरली हाय," जाऊ तानूबाई पुढं सरसावली. "यादीत तिचंच नाव असनार."

"थोरली आसंल. शाळंत आधी नाव मी घातलंय," सगुणाबाई म्हणाली.

"तू घातलंस ते पयलीला. हायस्कुलात आधी कोन गेलं?"

"तुझा नवरा म्हशी इकाया गेलता, तवा दोगींनाबी मीच घेऊन गेले!"

बघता बघता दोघींचे आवाज चढले. पलीकडं तीन भागोज्यांच्या बापांत वेगळंच जुंपलं. कालपर्यंत एका ताटात जेवणारी माणसं एका ओळीवरून हमरीतुमरीवर आली, आणि ती ओळ मी करून ठेवली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"बाई," मंगळवारची विठा, सगुणाबाईची, माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मी ऱ्हायले का ती ऱ्हायली?"

मी यादीची घडी करून पिशवीत टाकली.

शेवटी सगुणाबाईनं हात वर केला आणि सगळे गप्प झाले. "भांडून काय हुनार न्हाई. सोमवारी सायेब नाव पुकारंल. जी आधी हजर म्हनंल ती शाळंत. दुसरी म्हशीमागं. देवाच्या मनात आसंल तसं हुईल."

तोडगा सगळ्यांना पटला. माना हलल्या. तानूबाईसुद्धा "हां, ह्ये बराबर" म्हणाली.

"नको!"

माझ्या तोंडून ते इतक्या जोरात निघालं की झाडाखालची म्हैस उठून उभी राहिली.

"का नगं?" सगुणाबाईनं विचारलं.

"नको. तसं नाही करायचं."

"मग कसं करायचं?"

"मला माहीत नाही."

"मग आमाला बी म्हाईत न्हाई," ती म्हणाली, आणि परत ताक घुसळायला लागली. चुकीचं काहीच बोलली नाही ती. मी उतार उतरताना दोनदा घसरले. माझे हात कापत होते. का कापत होते ते मला ठाऊक होतं, पण ते मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं, आणि तेव्हाही नाही सांगितलं.

रविवारभर डोक्यात नुसता काला झाला. सरांचं ऐकावं तर शाळा कदाचित वाचेल, पण दोन विठांतली एक जाईलच. खरं सांगावं तर माझी नोकरी जाईल, आणि शाळा वाचेलच असंही नाही. शिवाय मी खरं सांगितलं तर किरवळ्याचे लोक काय म्हणतील, तेही दिसत होतं. बाहेरची बाई आली, काळी बाई आली, आमच्या पोरांची नावं खाऊन बसली. दुपारी मी कपडे धुवायला घेतले आणि धुतलेलेच पुन्हा भिजवले.

सोमवारी साहेब दहाला येणार होते. मी साडेआठलाच गेले आणि धनगरवाड्याची पोरं येईल तशी नळामागं गोळा केली. एकेका नावाची दोन, कुठं तीन. त्यांना शेजारी शेजारी उभं केलं.

"ऐका," मी म्हणाले, "साहेब नाव घेतील. कुणी आधी म्हणायचं नाही आणि कुणी नंतर म्हणायचं नाही. एका दमात म्हणायचं. ज्यांचं नाव एक, त्यांचा आवाज एक. करून बघू. भागोजी झोरे!"

"ह... हजर... हजर!"

तिघं तीन वेळी ओरडले आणि बाकीची खिदळली.

"पुन्हा. हात धरा एकमेकांचे. हात दाबला की म्हणायचं."

"बाई, आनि सायब म्हनला एकानंच बोला तर?" शुक्रवारच्या विठानं विचारलं.

"तर दोघींनी गप्प बसायचं. तेही एका दमात."

ती हसली तेव्हा तिचा पुढं आलेला दात दिसला. या पोरीला हसताना मी कधी पाहिलंच नव्हतं. माझ्या तासाला ती कायम मान खाली घालून बसायची.

दहाला साहेब आले. मोठ्या वर्गात पोरं खाली, पालक कडेनं. धनगरवाडा झाडून आला होता. मी सवयीनं मागच्या भिंतीला टेकले. भोगण सरांनी सुरुवात केली, "साहेब, त्याचं असं झालं, त्या दिवशी नेट गेलं आणि सर्व्हरमुळं..."

"सर्व्हर नाही," मी म्हणाले.

सगळ्या माना वळल्या. ते नेहमीचं बघणं सुरू झालं. मी बघू दिलं. आणि बघून होईपर्यंत थांबले.

"सर्व्हरला काही झालं नव्हतं. अकरा मुलांची नावं मी काढली. माझ्या हातानं."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "का काढलीत?"

"दुबार वाटली म्हणून."

"तुम्ही या मुलांना शिकवता ना? दोन मुली आहेत की एक, एवढं माहीत नव्हतं?"

"नव्हतं. मी दोघींना एकच समजत होते."

"का?"

या 'का'ला काय उत्तर द्यावं, ते मी रविवारभर शोधत होते. "मी त्यांच्याकडं नीट बघितलंच नाही, साहेब," मी म्हणाले. "नाव एक, फ्रॉक एक, फीत एक. त्याच्या पुढं बघायची मला गरज वाटली नाही."

आता सगुणाबाई उठेल आणि माझा उद्धार करेल, असं वाटून मी मनाची तयारी केली. ती उठलीही. पण ती आली आणि माझ्याशेजारी भिंतीला टेकून उभी राहिली. मला अर्थ लागला नाही. चिडली म्हणून आली की काय, तेही कळेना.

"फुडं चालू द्या, सायेब," ती म्हणाली. "नावं घ्या."

साहेबांनी यादी उचलली. नावामागून नाव. "भागोजी झोरे."

"हजर!"

एकच आवाज, पण खिडकीची काच थरथरावी असा. साहेबांनी वर पाहिलं. तीन पोरं उभी.

"एकानं बोला."

तिघं गप्प. साहेब ताठ झाले आणि त्यांनी पुढचं नाव घेतलं. "विठा झोरे."

"हजर!"

दोघी उभ्या. हात हातात. माझ्याशेजारी सगुणाबाई टाचा उंचावून बघत होती, आणि समोर तानूबाई.

"यादीत यातली कुठली आहे?" साहेबांनी मला विचारलं.

"यादीत एक ओळ आहे, साहेब. ती कुणाची ते मला माहीत नाही, यंत्राला माहीत नाही आणि या पोरी सांगणार नाहीत. तुम्ही डोकी दाखवा म्हणालात. ही डोकी."

साहेब तापले. हा पोरखेळ आहे, असा कारभार असतो का, वर काय कळवू, असं बरंच बोलले. त्यांचंही खोटं नव्हतं. मग पाणी प्यायले. मग बराच वेळ त्या दोघींकडं बघत बसले, हनुवटीवरच्या ठिपक्याकडं आणि पुढच्या दाताकडं, आणि शेवटी म्हणाले, "ते जुनं रजिस्टर आणा."

भोगण सर धावतच गेले. रजिस्टरात विठा दोन होत्या. बाप वेगळे, दाखल्याचे नंबर वेगळे. साहेब एकेका पोराला टेबलाजवळ बोलावून, तोंड बघून, नंबर लिहून घेऊ लागले. दोन तास लागले. अडुसष्ट भरले. वर्गातून बाहेर पडताना ते मला म्हणाले, "कारणे दाखवा नोटीस येईल तुम्हाला."

"येऊ दे," मी म्हणाले. आली. अजून माझ्या फायलीत आहे.

त्या संध्याकाळी भोगण सर चष्मा डोळ्यांवर ठेवून माझ्या खोलीत आले. "पुढची पालकसभा तुम्हीच घ्या, बाई. लोक तुमच्याबद्दल विचारायलेत." मी म्हटलं, लोक रागावले नाहीत का? "रागावलेत की," ते म्हणाले. "पण म्हणतात, ह्या बाईला विचारलं तर खरं कळतं." पुढं सर निवृत्त झाले आणि ती खुर्ची माझ्याकडं आली. पट आता एकशे दहावर आहे. मंगळवारची विठा तालुक्याच्या दवाखान्यात नर्स आहे. शुक्रवारची विठा आमच्याच शाळेत कॉम्प्युटर शिकवते आणि अजिबात विसराळू नाही.

आता ते हात कापण्याचं.

आमच्या वाडीतही दोन गिरिजा होत्या. एक मी, एक माझ्या काकाची मुलगी. आजीचं नाव. दोघी एक जूनच्या. पहिलीत गुरुजींच्या हजेरीत 'गिरिजा सिद्दी' एकदाच होतं, आणि आम्ही दोघी त्यांना सारख्याच दिसायचो. काळ्या आणि कुरळ्या. एक दिवस ते म्हणाले, "एकच गिरिजा आहे, दुसरी कोण आगाऊ बसतेय?" आणि त्यांनी नाव पुकारलं. मी हजर म्हटलं. दुसरी गिरी पाटी उचलून घरी गेली, ती परत आली नाही. ती आजही सुपारीच्या बागेत मजुरी करते. मी आयुष्यभर धरून चालले की मी आधी बोलले, आणि ती गप्प राहिली.

गेल्या वर्षी मी धीर करून तिला फोन केला. इकडचं तिकडचं झालं. मग विचारलं, "गिरी, पहिलीतला तो दिवस आठवतो? तू गप्प का राहिलीस गं?"

तिकडं कोंबड्या ओरडत होत्या.

"गप्प कुठं राहिले गो?" ती म्हणाली. "मी पण हजर म्हटलं होतं. तू नि मी एकदमच. गुरुजींनी वर बघितलं तेव्हा तू पुढं बसली होतीस, एवढंच."

मग त्या हजेरीतलं ते नाव कुणाचं होतं? माझे दाखले, माझी नोकरी, ही खुर्ची, यातलं काय माझं आणि काय तिचं? मी रडतेय हे तिला कळलं असावं.

"सोड ते आता," ती म्हणाली. "एक काम कर. आज्जीचं नाव पुढं चालवायचं म्हणून नातीला गिरिजाच म्हणतो. या जूनला शाळेत घालणार. इकडच्या मास्तरांशी जरा बोल. वाडीत अजून एक गिरिजा आहे. म्हणावं, दोघींकडं नीट बघा."